परतीची तारीख आधी ठरवा

१३ नोव्हेंबर १९८६ रोजी मॉस्कोत पॉलिटब्युरोची, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या सर्वोच्च मंडळाची, बैठक झाली. अफगाणिस्तानातलं युद्ध वर्षभरात, फार तर दोन वर्षांत आवरायचं आणि सैन्य परत आणायचं, असं सोव्हिएत नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी तिथं मांडलं आणि ते मान्य झालं. हे युद्ध जिंकायचं नाही, त्यातून बाहेर पडायचं आहे, हे त्या दिवशी देशाच्या सर्वोच्च पातळीवर ठरलं. त्यानंतर १९८७ साली तिथं १,२१५ सोव्हिएत सैनिक मेले, १९८८ साली ७५९ आणि १९८९च्या पहिल्या दीड महिन्यात ५३. अफगाण माणसं किती मेली याची मोजदाद तर याच्या कित्येक पट. ज्या युद्धातून निघायचं सरकारनं आधीच ठरवलं होतं, त्या युद्धात ही दोन हजार पोरं गेली.

अमेरिकेचा व्हिएतनाममधला हिशेब याहून भयंकर आहे. १९६९ साली रिचर्ड निक्सन सत्तेवर आले तेव्हा तिथं पाच लाख चाळीस हजारांवर अमेरिकी सैनिक होते. युद्ध हळूहळू दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याच्या हवाली करून आपण बाहेर पडायचं, हे धोरण त्याच वर्षी जाहीर झालं. प्रत्यक्षात शेवटचे सैनिक निघाले ते २९ मार्च १९७३ रोजी. या चार वर्षांत २१ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले. एकूण ५८,२२० मृतांपैकी एक तृतीयांशाहून जास्त माणसं ‘आपण निघतोय’ असं सांगितलं जात असतानाच्या काळातली आहेत. आणि एवढं करून उत्तर व्हिएतनामशी झालेल्या पॅरिसच्या करारात मिळालं काय? उत्तर व्हिएतनामचं सैन्य दक्षिणेत जिथं होतं तिथंच राहिलं. दोन वर्षांनी, ३० एप्रिल १९७५ रोजी, सायगाव पडलं.

परक्या देशात चाललेलं युद्ध घरच्या लोकांना नकोसं झालं असेल, त्या देशातल्या लोकांनाही नको असेल, आणि त्याचं उद्दिष्ट काय हे खुद्द सरकारलाच एका वाक्यात सांगता येत नसेल, तर सैन्य परत आणलं पाहिजे, आणि त्याची तारीख लगेच ठरवली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ‘परिस्थिती सुधारल्यावर निघू’ हे उत्तर मला मान्य नाही. परिस्थिती सुधारत नाही म्हणूनच तर निघायचा प्रश्न आलेला असतो. उशीर केल्यानं माघार सन्मानाची होत नाही. ती जास्त घाईची, जास्त रक्ताची आणि जास्त विश्वासघाताची होते. मग त्या विस्कटलेल्या माघारीची चित्रं दाखवून पुढच्या युद्धात सांगितलं जातं, बघा, निघालं की असं होतं.

युद्ध या अवस्थेला पोचलंय हे ओळखायला गुप्त कागद लागत नाहीत. एक तर उद्दिष्ट दर दोन वर्षांनी बदलतं. अफगाणिस्तानात २००१ साली ते अल कायदाला संपवण्याचं होतं, मग तालिबानला हटवण्याचं, मग नवं राष्ट्र उभारण्याचं, आणि शेवटी नुसतं काबूल पडू नये एवढंच उरलं. दुसरं म्हणजे यश मोजायचं माप बदलतं. व्हिएतनाममध्ये शत्रूची किती प्रेतं पडली हे माप होतं, त्यामुळे प्रत्येक तुकडीला आकडा फुगवण्यात रस होता आणि मेलेला शेतकरीही शत्रूच्या खात्यात जमा होत होता. अफगाणिस्तानात किती जिल्हे सरकारच्या ताब्यात आहेत हे माप होतं. ते आकडे वाईट यायला लागले आणि २०१९ साली ही मोजणीच बंद करण्यात आली. ज्या दिवशी सेनादल मोजायचं थांबतं, त्या दिवशी संसदेनं परतीचा ठराव मांडायला घ्यावा असं मला वाटतं.

माघारीविरुद्धचे युक्तिवाद हलके नाहीत. पहिला असतो बलिदानाचा. इतके जवान गेले, आता सोडलं तर त्यांचं मरण फुकट जाईल. मुलगा गमावलेली आई हे बोलते तेव्हा तिच्यापुढं मान खालीच घालावी लागते. पण मंत्री जेव्हा हेच बोलतो तेव्हा त्याला थांबवलं पाहिजे. गेलेल्या माणसाच्या नावावर आणखी एक माणूस पाठवला की गेलेला परत येत नाही, यादी तेवढी वाढते. आणि ही यादी जितकी लांब, तितका हा युक्तिवाद वजनदार होत जातो, म्हणजे त्याला शेवटच नसतो.

दुसरा युक्तिवाद पत जाण्याचा. एकदा माघार घेतली की मित्र आपल्यावर विसंबणार नाहीत, शत्रू शेफारतील. व्हिएतनामच्या वेळी हे फार ठासून सांगितलं गेलं: हा देश कम्युनिस्टांच्या हाती गेला की एकापाठोपाठ एक सगळा आग्नेय आशिया जाईल. १९७५ साली लाओस आणि कंबोडिया गेले हे खरं आहे, आणि कंबोडियात जे घडलं ते विसाव्या शतकातल्या सर्वांत भीषण गोष्टींपैकी एक आहे. पण थायलंड, मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया यांतला एकही देश गेला नाही. पंधरा वर्षांत अमेरिकेनं शीतयुद्ध जिंकलं आणि १९९५ साली त्याच व्हिएतनामशी राजनैतिक संबंध जोडले. फ्रान्सनं १९६२ साली अल्जेरिया सोडला, तेव्हा तिथं दहा लाखांच्या आसपास युरोपीय वंशाचे लोक राहत होते आणि कायद्यानं तो फ्रान्सचाच भाग मानला जात होता. इतकं सोडूनही फ्रान्सचं युरोपातलं वजन घटलं नाही. उलट सैन्य आणि पैसा मोकळा झाल्यावर त्याच दशकात ते वाढलं.

कोरियाचं उदाहरण नेहमी पुढं येतं. तिथं अमेरिकी सैन्य अजून आहे आणि देश भरभराटीला आला. पण कोरियात १९५३ साली शस्त्रसंधी झाली, सीमा ठरली आणि गोळीबार थांबला. त्यानंतर तिथं राहिलेलं सैन्य हे यजमान देशाच्या संमतीनं पहारा करणारं सैन्य आहे. रोज गस्तीवर सुरुंग फुटतोय आणि घरोघर झडत्या चालल्यात, त्या सैन्याशी त्याची तुलना होत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत अवघड आहे: आपण निघालो की मागं पोकळी राहते आणि तिच्यात आणखी क्रूर कुणीतरी शिरतं. इराकचं नाव घेतलं जातं. २०११च्या डिसेंबरात अमेरिकी सैन्य निघालं आणि जून २०१४मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती गेलं. मधल्या अडीच वर्षांत काय झालं ते मात्र सांगितलं जात नाही. अल कायदाविरुद्ध अमेरिकेनं सुमारे एक लाख सुन्नी टोळीवाल्यांना पगारावर उभं केलं होतं. त्यांना इराकी सेवेत सामावून घ्यायचं वचन बगदादच्या सरकारनं नीट पाळलं नाही. सैन्याच्या हजेरीपटावर माणसं होती आणि बराकीत नव्हती. २०१४च्या अखेरीस नवे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी तपास केला तेव्हा असे पन्नास हजार बोगस सैनिक निघाले, ज्यांचा पगार कुणीतरी वरच्या वर खात होतं. हे सैन्य २००७ साली, दीड लाखाहून जास्त अमेरिकी सैनिक देशात असतानाही असंच पोखरलेलं होतं. परकं सैन्य तिथं होतं तोवर भेगा दिसत नव्हत्या, एवढंच. ते आणखी पाच वर्षं राहिलं असतं तर भेगा आणखी पाच वर्षं झाकल्या असत्या.

आणि अफगाण स्त्रिया? त्यांच्या शाळा बंद झाल्या, नोकऱ्या गेल्या, हे माघारीनंतरच घडलं. याला माझ्याकडे समाधान वाटेल असं उत्तर नाही. वीस वर्षं, लाखो सैनिक आणि अगणित पैसा ओतूनही ज्या राज्यव्यवस्थेला स्वतःच्या पायावर एक महिना उभं राहता आलं नाही, तिथं एकविसावं वर्ष काय बदलणार होतं, एवढंच विचारता येतं. ज्या स्त्रिया बाहेर पडू इच्छित होत्या त्यांना वेळेत बाहेर काढणं मात्र शक्य होतं, आणि ते झालं नाही. इथून पुढं माझा आक्षेप माघारीवर नाही, ती ज्या पद्धतीनं केली जाते तिच्यावर आहे.

सैन्य परत आणणं हा लष्करी कामाचा सर्वांत अवघड प्रकार आहे. हल्ल्यात रोज तुमचं बळ वाढतं. माघारीत रोज एक तुकडी कमी होते, आणि ते शत्रूही मोजत असतो. म्हणून सैन्य हलायच्या कितीतरी आधी तीन कामं सुरू व्हायला हवीत: कागदांचं, यंत्रांचं आणि पगाराचं. तिन्ही कामं बंदूक न चालवणाऱ्यांची आहेत, आणि म्हणूनच ती मागं पडतात.

कागदांचं काम म्हणजे आपल्यासाठी काम केलेल्या स्थानिक माणसांना बाहेर काढणं. दुभाषे, ड्रायव्हर, स्वयंपाकी, बातमीदार. अमेरिकेनं अफगाण सहकाऱ्यांसाठी २००९ साली खास व्हिसाचा कायदा केला. त्या व्हिसाला चौदा पायऱ्या होत्या. कायद्याप्रमाणे हे सगळं नऊ महिन्यांत उरकायला हवं होतं. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं लागत. अडकत कुठं होतं ते बघण्यासारखं आहे. अर्जदाराला दोन पत्रं लागत: एक नोकरी देणाऱ्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचं आणि एक थेट वरिष्ठाचं, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या अमेरिकी माणसाचं. आता कंत्राटी कंपनी चार वर्षांपूर्वी बंद पडलेली. ज्या कॅप्टनबरोबर हा दुभाषी गस्तीला जायचा तो एका वर्षाची नेमणूक संपवून गेलेला, लष्करातून बाहेर पडलेला, ई-मेलचा पत्ता बदललेला. नोकरीचा पुरावा म्हणून जपून ठेवलेलं ओळखपत्र घरात सापडलं तर तालिबान मारणार, आणि जाळून टाकलं तर दूतावास अर्ज फेटाळणार. एप्रिल २०२१मध्ये माघारीची घोषणा झाली तेव्हा असे अठरा हजारांच्या आसपास अर्ज पडून होते, आणि प्रत्येकामागं बायको-मुलं वेगळी.

यावर उपाय अवघड नव्हता. नोकरीवर घेतानाच माणसाची नोंद लष्कराच्या स्वतःच्या दप्तरात व्हावी, बोटांचे ठसे तेव्हाच घेतलेले असतात, तेच पुढं पुरावा म्हणून धरावेत. दर वर्षी वरिष्ठानं बदलून जाताना आपल्या हाताखालच्या प्रत्येक स्थानिक माणसाचं पत्र लिहून ठेवावं, ते त्याच्या कार्यमुक्तीच्या कागदांचा भाग असावं. आणि छाननी त्या देशात बसून करण्याऐवजी आधी माणसं तिसऱ्या सुरक्षित ठिकाणी न्यावीत, मग कागद तपासावेत. हे शेवटचं अखेर केलंच, पण विमानतळाच्या फाटकावर गर्दी उसळल्यावर.

फ्रान्सनं अल्जेरियात याहून वाईट केलं. फ्रेंच बाजूनं लढलेले मुस्लिम सैनिक, ज्यांना हार्की म्हणत, त्यांची शस्त्रं काढून घेतली आणि बहुतेकांना मागंच ठेवलं. काही फ्रेंच अधिकारी आपल्या जबाबदारीवर त्यांना बोटीत बसवून घेऊन आले, तर सरकारनं त्या अधिकाऱ्यांवरच कारवाईची धमकी दिली. मागं राहिलेल्यांपैकी हजारोंच्या कत्तली झाल्या. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी हार्कींची जाहीर क्षमा मागितली ती २०२१ साली, एकोणसाठ वर्षांनी.

यंत्रांचं काम कमी दिसतं आणि जास्त मारतं. अफगाण हवाई दलाकडे पूर्वी सोव्हिएत बनावटीची एमआय-१७ हेलिकॉप्टरं होती. अफगाण मेकॅनिक ती बऱ्यापैकी स्वतः दुरुस्त करत. अमेरिकेनं त्यांच्या जागी ब्लॅक हॉक द्यायला सुरुवात केली. ब्लॅक हॉकची जवळजवळ सगळी देखभाल परदेशी कंत्राटदारांच्या हाती होती: सुटे भाग मागवणं, तासांप्रमाणे तपासणी, इंजिन उतरवणं, सगळं. २०२१च्या सुरुवातीला अमेरिकेचे सैनिक तिथं सुमारे २,५०० उरले होते आणि कंत्राटी माणसं सतरा हजारांच्या आसपास. तालिबानशी झालेल्या माघारीच्या करारात सैनिकांबरोबर कंत्राटदारांनीही निघायचं होतं. ते निघाल्यावर हेलिकॉप्टरं काही आठवड्यांत जमिनीवर बसू लागली. मग डोंगरातल्या चौक्यांना दारूगोळा, पाणी, अन्न पोचेना, जखमी उचलता येईनात. वेढ्यात सापडलेली चौकी तीन दिवस लढते, चौथ्या दिवशी गावातले वडीलधारे मध्यस्थी करतात आणि शिपाई शस्त्रं टाकून घरी जातात. ऑगस्टमध्ये शहरं पत्त्यांसारखी पडली असं आपण म्हणतो, पण त्याआधीचे तीन महिने अशा चौक्या एकेक करून गेल्या होत्या. शिपाई भ्याले असतील, पगार थकला असेल, नेते पळाले असतील, ही सगळी कारणं खरी आहेत. पण हेलिकॉप्टर आलं असतं तर त्यातल्या कित्येक चौक्या टिकल्या असत्या. ज्याची देखभाल तो देश स्वतः करू शकत नाही ते यंत्र त्याला देऊच नये, आणि दिलंच असेल तर मेकॅनिक सैनिकांच्या नंतर निघाले पाहिजेत.

पगाराच्या कामाचं उत्तम उदाहरण सोव्हिएत बाजूचं आहे, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. सोव्हिएत सैन्य गेल्यावर त्याच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्ला यांचं अफगाण सरकार काही महिन्यांत कोसळेल, असा वॉशिंग्टनपासून पेशावरपर्यंत सगळ्यांचा अंदाज होता. ते तीन वर्षांहून जास्त टिकलं. मार्च १९८९मध्ये या सरकारविरुद्ध लढणाऱ्या मुजाहिदीनांनी जलालाबादवर मोठा हल्ला केला, तो अफगाण सैन्यानं एकट्यानं परतवला. कारण इंधन, गहू, दारूगोळा आणि पैसा उत्तरेकडून येत राहिला. जानेवारी १९९२पासून तो बंद झाला आणि एप्रिलमध्ये सरकार पडलं. सैन्य काढून घेणं आणि पाठिंबा काढून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं लवकर करावं, दुसरं हळूहळू. व्हिएतनाममध्येही सैनिक गेल्यावर मदत झपाट्यानं आटली, आणि दक्षिणेच्या तोफखान्याला रोजचे गोळे मोजून द्यावे लागले.

रस्त्यावरची माघार कशी असते यासाठीही त्याच सोव्हिएत मोहिमेकडे बघावं लागतं. १४ एप्रिल १९८८ रोजी जिनिव्हात माघारीचा करार झाला, १५ मे रोजी पहिले ताफे निघाले आणि १५ ऑगस्टपर्यंत निम्मं सैन्य बाहेर पडलेलं असावं असं कागदावर लिहिलेलं होतं. तसं ते पडलं. आधी टोकाकडची ठाणी रिकामी केली: कंदाहार, जलालाबाद, गर्देझ, फैजाबाद. मधला काबूल आणि उत्तरेचा रस्ता शेवटपर्यंत धरून ठेवला. त्या रस्त्यावर सालंगचा बोगदा आहे, ३,००० मीटरहून जास्त उंचीवर, सुमारे २.७ किलोमीटर लांब. १९८२च्या नोव्हेंबरात याच बोगद्यात ताफे अडकले होते आणि धुरानं गुदमरून कितीतरी सोव्हिएत आणि अफगाण माणसं मेली होती. जानेवारीत तिथं बर्फ, हिमकडे कोसळण्याचा धोका, आणि एक ट्रक बंद पडला की मागची सगळी रांग उघड्यावर. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चौक्या शेवटचा ट्रक पुढं गेल्याशिवाय हलवायच्या नाहीत, आणि मग चौक्यांनी मागून पुढं एकेक करून ताफ्यात मिसळायचं, असा क्रम होता. पंजशीर खोऱ्यातले मुजाहिदीन सेनानी अहमद शाह मसूद यांच्याशी रस्त्यापुरता समझोता होता, आणि बराच काळ त्यांच्या माणसांनी जाणाऱ्या ताफ्यांना हात लावला नाही. तरी जानेवारी १९८९च्या अखेरीस, निघायला तीन आठवडे उरले असताना, काबूलच्या आग्रहावरून मॉस्कोनं त्यांच्यावर मोठा बॉम्बहल्ला करवला. लष्करी अधिकाऱ्यांना तो नको होता. सालंगच्या आसपासच्या गावांतले कितीतरी रहिवासी त्यात मेले. निघताना एकदा शेवटचा तडाखा द्यावा, हा मोह राजधानीत बसलेल्यांना हमखास होतो. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमूदर्या नदीच्या पुलावरून पायी पलीकडे गेले. करारात लिहिलेला शेवटचा दिवस तोच होता.

काबूलमधून अमेरिकेची माघार अगदी उलट क्रमानं झाली. बग्रामच्या हवाई तळाला दोन धावपट्ट्या होत्या, भोवती मोकळी जागा होती, संरक्षण करायला सोपी. तो तळ जुलै २०२१च्या सुरुवातीलाच रात्रीतून रिकामा केला, आणि आपल्याला काही तासांनी कळलं असं अफगाण अधिकाऱ्यांनी सांगितलं. उरला शहराच्या पोटात असलेला एक विमानतळ, त्याची एकच धावपट्टी. सैनिक आधी गेले, नागरिक मागं राहिले, आणि मग नागरिकांना काढायला हजारो सैनिक परत आणावे लागले. दोन आठवड्यांत एक लाख वीस हजारांवर माणसं उडवली गेली, हे काम वैमानिकांनी आणि जमिनीवरच्या शिपायांनी अचाट केलं. पण २६ ऑगस्टच्या स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण गेले. शेवटच्या रात्री विमानतळावरची ७३ विमानं-हेलिकॉप्टरं निकामी करून तिथंच टाकून दिली. नागरिक आधी, मग अवजड सामान, मग सैन्य आणि सर्वांत शेवटी चांगला विमानतळ, हा क्रम कुठल्याही स्टाफ कॉलेजात शिकवतात. तो उलटला, कारण राजकीय निर्णय चौदा महिने रेंगाळला आणि मग कॅलेंडरवरच्या तारखेला सैनिकांचा आकडा शून्य दिसणं एवढंच उद्दिष्ट उरलं. तालिबानशी माघारीचा दोहाचा करार २९ फेब्रुवारी २०२० रोजी झाला होता. व्हिसाची रांग मोकळी करायला हा वेळ पुरेसा होता.

भारतालाही हे सगळं परकं नाही. २९ जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारानंतर शांतिसेना जाफनात उतरली ती तमिळ संघटनांची शस्त्रं जमा करून घ्यायला. अडीच महिन्यांत ती त्याच संघटनांपैकी सर्वांत मोठ्या संघटनेशी, तमिळ टायगरांशी (एलटीटीई), लढत होती. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जवान हेलिकॉप्टरनं उतरवले. वायरलेस ऐकून टायगर तयारच होते, पुढची हेलिकॉप्टरं उतरू शकली नाहीत, आणि त्या तिसांपैकी एकच जिवंत सापडला, तोही शत्रूच्या कैदेत. सत्तर हजारांवर सैन्य, साडेअकराशेहून जास्त शहीद. १९८९च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी जुलैअखेर निघून जा असं जाहीरपणे सांगितलं, आणि आपल्याशी लढण्यासाठी टायगरांना शस्त्रंही पुरवली. ज्या देशाच्या विनंतीवरून आपण गेलो तोच जा म्हणतो, तिथं एक दिवसही राहण्याला आधार उरत नाही. तरी शेवटचं जहाज त्रिंकोमालीहून सुटलं ते २४ मार्च १९९० रोजी.

मधल्या महिन्यांत आपण मागं काहीतरी उभं करून जाण्याची धडपड केली. ईशान्य प्रांतात तमिळ नॅशनल आर्मी नावाचं दल घाईघाईनं उभारलं, त्यात कोवळी पोरंही ओढून भरती केली गेली. आपले जवान एकेक जिल्हा सोडत गेले तसं टायगरांनी ते दल मोडून काढलं, आणि आपण दिलेली शस्त्रं त्यांच्या हातात गेली. जाता जाता उभारलेलं सैन्य ही माघारीतली नेहमीची चूक आहे. ज्यांना वर्षभरात सोडून जायचंय त्यांच्या हाती बंदूक देऊन आपण फक्त त्यांची नावं शत्रूच्या यादीत लिहून देतो. परतलेल्या जवानांचं मद्रास बंदरावर स्वागत करायला राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत. युद्ध अप्रिय होतं, राग धोरणावर होता, आणि तो सोसला त्या धोरणाशी काडीचा संबंध नसलेल्या शिपायानं. युद्धाला विरोध करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे. परतणाऱ्या जहाजावर पहिला हार आपला असायला हवा.

अशी युद्धं दशकभर चालतात याचं एक कारण परवानगीच्या कागदात आहे. अमेरिकेच्या काँग्रेसनं १४ सप्टेंबर २००१ रोजी बळाच्या वापराचा जो अधिकार दिला, त्याचा गाभा साठेक शब्दांचा होता. त्यात देशाचं नाव नव्हतं आणि मुदतही नव्हती. प्रतिनिधीगृहात विरोधात एकच मत पडलं, बार्बरा ली यांचं. त्या साठ शब्दांवर पुढं वेगवेगळ्या देशांत वीस वर्षं कारवाया झाल्या. जर्मनीत याउलट प्रत्येक परदेशी तैनातीला बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते. तीत प्रदेश, काम, सैनिकांची कमाल संख्या आणि मुदत लिहिलेली असते, आणि मुदत साधारणपणे वर्षाची. ती संपली की सरकारला पुन्हा येऊन मत मागावं लागतं. यानं युद्ध थांबतंच असं नाही, जर्मन सैनिकही अफगाणिस्तानात वीस वर्षं होते. पण दर वर्षी एका मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि दर वर्षी प्रत्येक खासदाराचं मत नावानिशी नोंदलं जातं. परदेशात लढायला सैन्य पाठवण्यापूर्वी संसदेची परवानगी लागत नाही अशा देशांत, आणि भारत त्यांतला एक आहे, एवढी तरी तरतूद व्हायला हवी. त्या परवानगीच्या कागदाला परतीचा आराखडाही जोडलेला असावा: कोणता रस्ता, कोणता विमानतळ, किती दुभाषे, कुणाच्या पगाराची जबाबदारी किती वर्षं.

आणि एक परिशिष्ट सुरुंगांचं. पॅरिस करारात अमेरिकेनं स्वतः १९७२ साली हायफाँग बंदरात टाकलेले सुरुंग काढून देण्याचं कबूल केलं होतं, आणि १९७३च्या फेब्रुवारी ते जुलैमध्ये तिच्या नौदलानं ते काम केलं, शत्रूच्याच बंदरात. म्हणजे हे जमतं. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्यानं हवेतून विखुरलेले पंखाच्या आकाराचे छोटे सुरुंग कुठं पडले याचा नकाशा काढणंच अशक्य होतं, आणि मुलं ते खेळणं समजून उचलत राहिली. असं हत्यार वापरणाऱ्या सैन्याला ते मागं ठेवून निघताच येत नाही. जमिनीत हातानं पेरलेल्या सुरुंगांचे नकाशे मात्र प्रत्येक इंजिनिअर तुकडीकडे असतात. ते तुकडीबरोबर परत न जाता, पहिला ताफा हलण्याआधी, सही घेऊन सुरुंग काढणाऱ्यांच्या हातात पडले पाहिजेत.